फायबरच्या होडीची गळती आणि मऊ पडलेला तळ

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू व तलासरी तालुक्यांच्या किनाऱ्यावर आगर, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी व झाई ही गावे समुद्राला लागून वसलेली आहेत. ‘आगर’ हा शब्द कोकणात मिठागरासही लावतात आणि नारळी-पोफळीच्या बागेसही. या पट्टीतील जीवनाचे वर्णन त्या एकाच शब्दात येऊन जाते. कारण एक पाय बागेत व दुसरा खाऱ्या पाण्यात, असा येथील पुष्कळ कुटुंबांचा संसार आहे. मांगेला व इतर मच्छीमार कुटुंबांस होडी ही शेतकऱ्याच्या बैलजोडीसारखी आहे. बैल लंगडू लागला तर शेतकरी त्याच दिवशी त्याचा पाय पाहतो. होडीत पाणी येऊ लागले म्हणजे मात्र डबा घेऊन ते उपसण्याची सवय लावून घेतली जाते, आणि गळतीचे मूळ वर्षानुवर्षे तसेच राहते.

या हयगयीचे एक कारण जुन्या लाकडी होडीच्या अनुभवात आहे. लाकडी होडी पाण्यात उतरविली की तिच्या फळ्या फुगतात, सांधे आवळले जातात आणि पहिल्या दोन-चार दिवसांची गळती आपोआप थांबते. ‘पाणी प्याली की होडी सुधारते’ ही समजूत त्या होडीच्या बाबतीत बरीचशी खरी होती. फायबरच्या होडीस ती मुळीच लागू पडत नाही. फायबर फुगून आपली चीर बुजवीत नाही. उलट आत शिरलेले पाणी दोन थरांमध्ये कोंडून राहते, आतील लाकूड कुजविते व थर एकमेकांपासून सोडविते. तळावर पाय ठेवला असता तो दबतो, ते याच पाण्याचे कार्य होय. गळती व मऊ तळ हे दोन निरनिराळे रोग नसून बहुधा एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्याने गळती बुजविली पण आतले पाणी काढले नाही, त्याने रोग आत ठेवून दार लावून घेतले असे समजावे.

होडी कशाची बनलेली असते

काचेच्या तंतूंची चटई, जिला बाजारात मॅट म्हणतात, आणि तिच्यात मुरविलेली राळ, म्हणजे रेझिन, यांचे थरावर थर देऊन फायबरची होडी तयार होते. सर्वांत बाहेर रंगीत, गुळगुळीत असा जेलकोटचा थर असतो. त्याची जाडी साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. पाण्यापासून खरे संरक्षण याच थरामुळे मिळते. त्याच्या आतील तंतूंचा थर बळकट असला तरी तो उघडा पडल्यास तंतूंच्या कडेकडेने पाणी हळूहळू आत झिरपते. तळाची फळी, बसण्याच्या पाट्या आणि यंत्र अडकविण्याची मागची भिंत यांना ताठपणा यावा म्हणून दोन फायबर थरांच्या मध्ये प्लायवूड किंवा फोम घातलेला असतो. होडी मऊ पडते ती या मधल्या थरापासून. निव्वळ फायबरचा तळ झिजेल, फुटेल; पण तो कुजणार नाही.

अशा होड्या जगात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून बनू लागल्या. आपल्या देशात कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने, जिची स्थापना १९५७ साली झाली, लाकडी होड्यांवर फायबरचे आवरण चढविण्याच्या पद्धतीवर काम केले. १९७९ साली सुरू झालेल्या बंगालच्या उपसागर कार्यक्रमातून पूर्व किनाऱ्यावर वाळूत उतरविण्याजोग्या फायबरच्या होड्यांचे प्रयोग झाले. चांगले सागवान दुर्मिळ व महाग होत गेले आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांचा त्रास फायबरला नाही, या दोन कारणांनी ही होडी सर्वत्र पसरली. होडी आली, तिची निगा राखण्याची विद्या मात्र तितक्या वेगाने आली नाही.

या किनाऱ्यावर तळ का झिजतो

मुंबईकडून उत्तरेस, खंबायतच्या आखाताकडे जावे तसतशी भरती व ओहोटी यांमधील तफावत वाढत जाते. डहाणूच्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीचे पाणी दूरवर मागे हटते आणि नांगरलेली होडी वाळूवर, चिखलावर किंवा खडपावर बसते. पुढील भरतीची पहिली लाट तिला उचलते व पुन्हा आपटते. पाणी पुरेसे चढेपर्यंत हे उचलणे-आपटणे चालूच राहते, आणि दिवसातून दोनदा भरती म्हणजे दोनदा हा मार. शिवाय होडी पाण्यात लोटताना व वर ओढताना तळाचा कणा, म्हणजे पठाण, वाळूवर कानशीसारखा घासला जातो. म्हणून येथील होडीत पहिली झीज पठाणाच्या तळाशी व नाळेच्या खालच्या वळणावर आढळते. पांढरट तंतू दिसू लागले की जेलकोट संपला असे समजावे.

दुसरी जागा मागच्या भिंतीची. यंत्राचे वजन व त्याचा धक्का तिच्यावर पडतो. तिला बोल्टांसाठी भोके पाडलेली असतात आणि त्या भोकांच्या कडांना उघडे प्लायवूड असते. तिसरी जागा पाणी काढून टाकण्याच्या बुचाभोवतीची. चौथी जागा काठावर वरचा व खालचा भाग जोडलेला असतो तो सांधा. तेथील गळती होडी पूर्ण भरल्यावर किंवा लाटेत कलल्यावरच प्रकट होते, म्हणून ती फसवी असते. आणि होडीच्या आतही एक शत्रू आहे: हौसेने मारलेला स्क्रू. दोरी अडकविण्यास किंवा डबा ठेवण्यास तळफळीत मारलेला प्रत्येक स्क्रू हा मधल्या प्लायवूडमध्ये पाणी नेणारा एक लहानसा पाट असतो.

केव्हा दुरुस्ती करावी

येथे एक अडचण आहे, व ती किनाऱ्यावरील प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, हाताला वेळ असतो, म्हणून दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत काढण्याची वहिवाट पडली आहे. लाकडी होडीस ते चालून जाई. परंतु फायबरच्या कामास वर्षातील सर्वांत वाईट काळ तोच. जुलैत या किनाऱ्यावरील हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत आतले ओले लाकूड सुकत नाही, काचेची चटई दमट होते, राळ नीट धरत नाही, आणि वरून चांगला दिसणारा थर हंगामाच्या मध्यावर पापुद्र्यासारखा सुटतो.

यास्तव बंदीच्या आधीचे पंधरा दिवस फार मोलाचे आहेत. मासळी कमी झालेली असल्यास होडी मे महिन्याच्या मध्यावरच वर घ्यावी, तपासावी व उघडावी. वैशाखाचे ऊन हे फुकट मिळणारे कोरडे करण्याचे यंत्र आहे. पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्यापूर्वी सर्व थर देऊन संपले पाहिजेत. पावसाळ्यासाठी घासणे, रंग देणे, दोर बदलणे, यंत्र उघडणे ही कामे ठेवावीत. बंदी लागल्यानंतरच दोष ध्यानात आला, तर उघडलेली होडी ताडपत्री व झापांच्या मांडवाखाली, खालून वारा खेळेल अशी उंच ठेवावी आणि उघडीप मिळून जागा खरोखर सुकल्यावरच थर द्यावेत. त्यासाठी हंगामाचे आरंभीचे काही दिवस गेले तरी ते नुकसान लहान होय. दहा दिवसांची मासळी गेली तर ती पुढे भरून निघते. किनाऱ्यापासून दूर मागची भिंत यंत्रासह उखडली तर भरून निघण्याचा प्रश्नच उरत नाही.

गळती शोधणे

पाणी जेथे दिसते तेथे ते शिरलेले असतेच असे नाही. नाळेपाशी शिरलेले पाणी तळफळीखालून वाहत मागे बुचापाशी साचते, आणि दोष बिचाऱ्या बुचावर येतो. म्हणून होडी लाकडी ठोकळ्यांवर सपाट बसवावी, बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी आणि मग आत गोडे पाणी भरावे. बाहेर जेथे थेंब प्रथम उमटेल तेथे खडूने खूण करावी. पाण्यात थोडे पोटॅशियम परमँगनेट टाकल्यास जांभळा ओघळ चटकन दिसतो. मात्र पाणी बेताने भरावे. चार मीटर लांब व सव्वा मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ५०० किलो वजन होते. हे वजन समुद्रात बाहेरचे पाणी तोलून धरते, जमिनीवर नाही. ठोकळे कमी किंवा वाकडे असल्यास परीक्षेतच तळाला नवी चीर पडेल. काठाच्या सांध्याची परीक्षा बाहेरून पाण्याची धार मारून व आत कोरड्या कापडाने चाचपून करावी.

मऊ जागा शोधण्यास नाणे किंवा लहान लाकडी हातोडी पुरते. वीतभर अंतराने ठोकीत जावे. निरोगी जागी आवाज खणखणीत व टणक येतो. थर सुटलेल्या वा लाकूड कुजलेल्या जागी तो बद्द व पोकळ येतो. भाजलेले मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणीस हा फरक शिकवावा लागत नाही. जेथे आवाज बदलतो तेथे खडूने रेघ ओढीत गेल्यास रोगाचा नकाशा होडीवरच तयार होतो. तो नेहमी पायाला लागणाऱ्या मऊपणापेक्षा मोठा निघतो, यात आश्चर्य मानू नये. शंका राहिल्यास आतील बाजूने पाच मिलिमीटरचे भोक मधल्या लाकडापर्यंतच पाडून भुसा पाहावा. फिकट, कोरडा भुसा आला तर लाकूड शाबूत. काळपट, ओला व आंबूस वासाचा आला तर ते गेले असे समजावे.

बाहेरील बाजूस कधी कधी मुगाएवढे ते रुपयाएवढे फोड दिसतात. त्यांत आंबट वासाचा द्रव असतो व तो दाबाखाली असतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा असावा. मोजके फोड असल्यास ते घासून काढून, धुऊन, वाळवून भरता येतात. सर्व तळ फोडांनी भरला असेल तर ते काम जाणत्या कारागिराकडे द्यावे.

सुकविणे

सगळ्या दुरुस्तीत हेच काम अधिक महत्त्वाचे आहे आणि हेच सर्वांत अधिक वगळले जाते. उघडलेली जागा प्रथम गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी. हे विचित्र वाटेल; पण मीठ हवेतील ओल ओढून घेते, आणि मीठ आत राहिले तर जागा कितीही उन्हात ठेवली तरी रात्री पुन्हा ओली होते. पावसाळ्यात घरातील मिठाच्या बरणीचे जे होते तेच येथे होते. धुतल्यानंतर जागा ऊन व वारा लागेल अशी ठेवावी आणि रोज सूर्यास्तापूर्वी झाकावी, कारण किनाऱ्यावर दव पडते.

सुकली किंवा नाही याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून त्या जागेवर बसवावा व एक दिवस-रात्र ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस बाष्प किंवा थेंब दिसल्यास आत पाणी आहे. थेंब दिसेनासे होईपर्यंत थर देऊ नयेत, मग त्याला चार दिवस लागोत की पंधरा.

तळफळीची दुरुस्ती

खडूच्या नकाशाबाहेर पाच ते आठ सेंटिमीटर जाऊन वरचा पातळ थर कापावा. कापणीचे चक्र फक्त वरच्या थराइतकेच खोल जाईल असे पाहावे. खालचा थर म्हणजे होडीचा प्रत्यक्ष तळ असू शकतो. कापलेली चकती जपून ठेवावी, ती पुन्हा कामी येते. कुजलेले लाकूड पटाशीने काढावे व निरोगी, कोरडे लाकूड लागेपर्यंत थांबू नये. ‘एवढे चालेल’ म्हणून ठेवलेला काळा कोपरा पुढील वर्षीच्या कुजीचे बियाणे होय.

नवीन तुकडा सागरी प्लायवूडचा, म्हणजे भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेला घ्यावा. फर्निचरचे साधे प्लायवूड स्वस्त पडते, पण खाऱ्या पाण्यात ते टिकण्याची अपेक्षा करू नये. तुकड्याच्या कडांना, जेथे लाकडाचे तोंड उघडे असते तेथे, राळ पाजून वाळू द्यावी. मग राळेत बारीक कापलेले काचतंतू किंवा शंखजिऱ्याची भुकटी कालवून केलेल्या घट्ट लगद्यात तो बसवावा. तुकड्यात आधीच काही लहान भोके पाडून ठेवल्यास खाली अडकलेली हवा व जादा लगदा त्यांतून वर येतो. वाळूच्या पिशव्यांचे वजन ठेवून रात्रभर राहू द्यावे. जुनी चकती तशाच लगद्यात वरून चिकटवावी आणि कापाच्या रेषेवर नवे थर द्यावेत.

फुटलेला तळ

आरपार भोक किंवा चीर असल्यास केवळ वरून लांबी भरणे व्यर्थ आहे. लांबीमध्ये तंतू नसतात, म्हणून तिला ताण सोसत नाही. पहिल्या आपटीला ती डाळीच्या दाण्यासारखी निघून पडते. समुद्रावर असताना चीर बुजविण्यास दोन घटकांची मळून लावायची लांबी जवळ असावी हे खरे. पण ती परत किनाऱ्यावर येण्यापुरती. तिच्यावरच पुढचा हंगाम काढणे हे धाडस नव्हे.

नवा थर जुन्याला केवळ चिकटून धरतो, एकजीव होत नाही. यासाठी चिकटण्याची जागा मोठी करावी लागते. भोकाच्या कडा घासून उतरत्या कराव्यात आणि उतार जाडीच्या बारापट लांब ठेवावा. तळ पाच मिलिमीटर जाड असल्यास भोकाच्या सभोवार सहा सेंटिमीटर उतार झाला पाहिजे. एवढ्याशा भोकासाठी इतके घासावे का, असे मनात येते. पण सर्व बळकटी या उतारातच असते.

घासण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने व नंतर अ‍ॅसिटोनच्या फडक्याने तेल, डिझेल व मासळीचा चिकटपणा काढावा. आधी घासून मग पुसल्यास तेल तंतूंत रगडले जाते. घासलेली जागा मळकट व निस्तेज दिसली पाहिजे. चकाकी राहिलेल्या ठिकाणी नवी राळ धरणार नाही.

उदाहरणादाखल दहा सेंटिमीटरचे भोक व पाच मिलिमीटरचा तळ घेऊ. उतारासह जागा बावीस सेंटिमीटरची होते. ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या मॅटचा एक थर सुमारे एक मिलिमीटर जाडी देतो, म्हणून पाच थर लागतील: २२, १९, १६, १३ व १० सेंटिमीटरचे चौकोन. सर्वांत मोठा तुकडा प्रथम घालावा, म्हणजे तो संपूर्ण उतारावर धरतो. या पाच तुकड्यांचे वजन सुमारे ६० ग्रॅम भरते. मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट राळ लागते, म्हणजे १५० ग्रॅम पुरे. एवढ्या लहान कामासाठी मोठा डबा कालविणाऱ्याचा पाऊण डबा वाया जातो व आयत्या वेळी तापून धूर सोडतो. भोकाच्या मागे मेण लावलेली फळी किंवा जाड पुठ्ठ्यावर गुळगुळीत प्लॅस्टिक दाबून धरावे. शक्य असल्यास थर आतून द्यावेत आणि बाहेरून फक्त खळगा भरून जेलकोट लावावा. तसे केल्यास पाण्याचा दाब ठिगळाला ढकलून लावीत नाही, उलट बसवितो, हे म्हणणे बरोबर नाही. बाहेरचे पाणी आत दाबते, त्यामुळे आतल्या ठिगळाची भिस्त सर्वस्वी उतारावर व स्वच्छ घासणीवर असते. म्हणून मोठ्या भोकास दोन्ही बाजूंनी थर देणे अधिक सुरक्षित.

प्रत्येक थर राळेने भिजवून लहान रुळाने दाबावा. पांढरा ठिपका म्हणजे कोंडलेली हवा. तो पारदर्शक होईपर्यंत रूळ फिरवावा. एका वेळी तीन-चारपेक्षा अधिक थर देऊ नयेत, कारण राळ घट्ट होताना तापते व जाड थर तडकतो. कामाची वेळ सकाळचे दव उडाल्यावर, साधारण दहापासून दुपारी तीनपर्यंत. पण थेट उन्हात नव्हे, सावलीत. शेवटचा थर उघड्या हवेत चिकट राहतो. त्यावर मेण मिसळलेला जेलकोट दिला असता तो नीट वाळतो.

लाकडास धरण्यात व जुन्या फायबरवर चिकटण्यात इपॉक्सी राळ साध्या पॉलिएस्टर राळेहून सरस आहे, व महागही. ती वापरल्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नेहमीच्या मॅटमधील तंतू ज्या खळीने बांधलेले असतात ती पॉलिएस्टरमध्ये विरघळते, इपॉक्सीत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेले काचकापड घ्यावे. आणि इपॉक्सीवर साधा पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही; तेथे योग्य तो रंग द्यावा.

हार्डनरचे प्रमाण व धोके

पॉलिएस्टर राळेत हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के घालतात. मेच्या उष्म्यात एक टक्का पुरतो. वरील १५० ग्रॅम राळेस दीड ग्रॅम, म्हणजे इंजेक्शनच्या नळीने सुमारे १.४ मिलिलिटर. बाटलीच्या झाकणाने अंदाजाने ओतण्याची रीत सर्वत्र आढळते आणि अर्धवट राहिलेल्या किंवा करपलेल्या थरांचे ते मुख्य कारण आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एक लहान तराजू व दोन नळ्या गावात ठेवल्या, तर ती पुष्कळ व्याख्यानांहून अधिक उपयोगाची सेवा होईल. प्रथम छोट्या वाटीत चाचणी घ्यावी. राळ वीस मिनिटांच्या सुमारास थिजू लागली तर प्रमाण योग्य.

काही ठिकाणी राळेत कोबाल्टचा जांभळट द्रवही वेगळा घालावा लागतो. तो आधी राळेत पूर्ण कालवावा व नंतर हार्डनर घालावा. हे दोन द्रव एकमेकांत सरळ कधीही मिसळू नयेत; त्यांचा स्फोट होतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावावा, आणि तसे घडल्यास निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठावा. कामाजवळ विडी, चूल, स्टोव्ह नसावा. घासताना उडणारी काचेची भुकटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून चांगला मुखपट्टा हवा. नुसता पंचा बांधून भागत नाही. मुलांना त्या मांडवाजवळ येऊ देऊ नये. होडी म्हणजे त्यांचे नेहमीचे खेळण्याचे ठिकाण, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

मागची भिंत

यंत्र खाली सोडून त्याचा दांडा एकाने पुढेमागे हलवावा व दुसऱ्याने भिंतीकडे पाहावे. भिंत हलताना दिसली, बोल्टांभोवती केसासारख्या चिरा दिसल्या किंवा खालच्या भोकातून तपकिरी पाणी गळाले, तर ती होडी त्या दिवसापासून समुद्रावर नेऊ नये. येथे ठिगळ चालत नाही. आतील थर काढून सर्व कुजके प्लायवूड खरवडावे, वर सांगितल्याप्रमाणे सुकवावे, सागरी प्लायवूड लगद्यात बसवून शिकंज्यांनी आवळावे, आणि आतील थर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर व तळावर वळवून न्यावेत. कोपरे आधी लगद्याने गोलसर करावेत. काटकोनात मॅट बसत नाही व तेथे हवा कोंडते.

बोल्टांची नवी भोके पाडण्याची एक युक्ती आहे. भोक हवे त्यापेक्षा मोठे पाडावे, ते इपॉक्सीच्या लगद्याने पूर्ण भरावे, आणि घट्ट झाल्यावर त्याच्या मध्यावर बोल्टाच्या मापाचे भोक पाडावे. असे केल्याने बोल्टाभोवती इपॉक्सीचे कडे तयार होते व पाणी गळाले तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. बुचाच्या भोकासही हीच रीत लावावी. बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत.

फोमचे कप्पे

पाट्यांखालील बंद कप्प्यांत फोम भरलेला असतो. होडी पाण्याने भरली तरी तिने तरंगत राहावे, हा त्याचा हेतू. कप्प्याला चीर गेल्यास वर्षानुवर्षे ओलीत राहून हा फोमही पाणी धरतो. होडी दरवर्षी जड वाटू लागली, पूर्वी चौघांनी उचलणारी आता सहांना ओढवेना, तर कप्प्याच्या तळाशी लहान भोक पाडून पाहावे. पाणी आले तर ओला फोम काढून टाकलाच पाहिजे. तो आतल्या आत सुकत नाही. ओला फोम असलेली होडी बुडण्याच्या वेळी आपल्या माणसांना धरून ठेवू शकत नाही, आणि ते त्या वेळेपर्यंत कोणालाच कळत नाही.

दुरुस्तीनंतर किमान आठवडाभर थर पक्के होऊ द्यावेत. नोंदणी क्रमांक रंगाखाली गेला असल्यास तो पुन्हा स्पष्ट काढावा. पठाणाच्या घासणाऱ्या तळाला लाकडाची किंवा जाड प्लॅस्टिकची बदलता येण्याजोगी पट्टी बसविल्यास पुढील झीज तिच्यावर पडते. ती इपॉक्सीने चिकटवावी, स्क्रूने नव्हे. हंगामाच्या आरंभी होडी प्रथम खाडीत उतरवून एक भरती तशीच ठेवावी आणि आतील कोरड्या तळावर हात फिरवून पाहावा. महिन्याभराने नाणे घेऊन दुरुस्त जागेच्या कडा पुन्हा ठोकाव्यात. कोठे आवाज बद्द आला तर तेवढाच भाग, हवा कोरडी असताना, लगेच उघडावा.